पस्तिशीनंतर दिवस राहिले तर: पहिल्या पाच महिन्यांतल्या तपासण्या, आठवड्यांच्या हिशोबाने

आपल्याकडे तिसरा महिना पुरा होईपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर बोलत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. शेजारणीला, भावकीला सांगू नका, काही बिघडत नाही. पण डॉक्टरांना आणि आशाताईंना सांगायलाही तीन महिने थांबलात, तर पस्तिशी ओलांडलेल्या बाईसाठी जी तपासणी सगळ्यात कामाची, ती हातची गेलेली असते. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागचं पाणी मोजणारी सोनोग्राफी, ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होतो. त्यानंतर कितीही मोठ्या दवाखान्यात गेलात आणि कितीही पैसे मोजले तरी तो होत नाही.

दुसरा घोळ महिन्यांचा. ‘चौथा लागला’ म्हणजे सासूबाईंच्या हिशोबाने एक आणि सुनेच्या हिशोबाने दुसरंच असतं. डॉक्टर आणि लॅब मात्र आठवड्यांत बोलतात, आणि ते आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी ज्या दिवशी चुकली त्या दिवशीच साधारण चार आठवडे भरलेले असतात. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तो पाळीचा दिवस शोधा आणि तिथून दर सात दिवसांनी पेनाने १, २, ३ असे आकडे टाकत २४ पर्यंत जा. खाली जे काही सांगितलंय ते त्या आकड्यांना धरून आहे.

वयाचा धोका नेमका किती

प्रसूतीच्या वेळी वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर डॉक्टर ‘जास्त वयाची माता’ म्हणतात. पस्तिसाव्या वाढदिवशी एकदम काही बदलत नाही, धोका हळूहळू चढत जातो. बाईच्या बीजकोशातली बीजं तिच्या जन्मापासूनचीच असतात. वय वाढतं तसं बीज तयार होताना गुणसूत्रांच्या वाटणीत चूक होण्याची शक्यता वाढते. एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त आली की डाऊन सिंड्रोम. पंचविसाव्या वर्षी साधारण १२५० बाळांमागे एकाला तो असतो, पस्तिसाव्या वर्षी ३५० मागे एकाला, चाळिसाव्या वर्षी १०० मागे एकाला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी सुमारे ३० मागे एकाला. म्हणजे चाळीस वर्षांच्या शंभर गरोदर बायांपैकी नव्व्याण्णव जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो. ‘या वयात लेकरू धड निपजत नाही’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगा.

गर्भपात होण्याचं प्रमाणही वयाबरोबर वाढतं, आणि त्याचं मोठं कारण हेच, गुणसूत्रांची चूक. जड उचललं, पपई खाल्ली, एसटीने प्रवास केला म्हणून ते झालं, असं बाईच्या माथी मारण्यात काही अर्थ नाही.

आता खास आपल्याकडची अडचण. आपल्या कितीतरी जणींची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. कुणाचं वय दोन वर्षांनी कमी, कुणाचं तीन वर्षांनी जास्त. पुढे जी रक्ततपासणी होते तिचा हिशोब वयावरच बसतो, आणि ३८ ते ४१ या टप्प्यात दोन-तीन वर्षांच्या फरकाने निकाल पार बदलू शकतो. आधारवर काहीही असो, आईला, मावशीला विचारून खरं वय काढा (कुठला दुष्काळ, कुणाचं लग्न, थोरला भाऊ किती वर्षांचा होता) आणि तपासणीआधी ते डॉक्टरांना सांगा.

चार ते आठ आठवडे: दिवस राहिलेत का, आणि कुठे

चाळिशीच्या आसपास पाळी चुकली की बऱ्याच जणी ‘आता जायची वेळ आली असेल’ म्हणून गप्प बसतात. घरात लेकीच्या लग्नाची बोलणी चालू असतील तर संकोच आणखी वाढतो. पाळी आठवडाभर पुढे गेली की लघवीची चाचणी करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळतं, मेडिकलवरही स्वस्तात मिळतं. सकाळच्या पहिल्या लघवीवर केलेली चाचणी जास्त भरवशाची.

कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असूनही पाळी चुकली, तर चाचणी अजिबात टाळू नका. ऑपरेशन क्वचित फसतं, आणि फसलं तर गर्भ पिशवीऐवजी नळीत रुजण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. ऑपरेशन उलटवून नळी जोडून घेतली असेल तरी तेच. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, अंगावरून थोडं थोडं लाल जाणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. सकाळची वाट बघू नका. नळी फुटली तर आत रक्तस्राव होतो आणि बाहेरून कळतही नाही.

पहिली सोनोग्राफी सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान. गर्भ पिशवीत आहे का, ठोके आहेत का, एक आहे की जुळं, आणि नेमके किती आठवडे झालेत, हे त्यात दिसतं. पस्तिशीनंतर जुळ्यांचं प्रमाण जरा जास्त असतं, उपचार घेऊन दिवस राहिले असतील तर आणखी. पाळी अनियमित असेल तर हीच सोनोग्राफी खरी तारीख ठरवते. कॅलेंडरवरचे आकडे मग तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

बीपी किंवा शुगरच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर चाचणी आल्याच्या आठवड्यातच डॉक्टरांना त्या दाखवा, पाकिटासकट. टेल्मिसार्टन, रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या आणि कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, दुसऱ्या द्याव्या लागतात. थायरॉईडची गोळी मात्र चालूच ठेवायची असते, उलट तिचा डोस बहुधा वाढवावा लागतो. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका.

फॉलिक अॅसिड खरं तर दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं. राहिलं असेल तर आजपासून सुरू करा. नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील किंवा आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचं व्यंग असेल, तर डॉक्टर जास्त डोस देतात.

नाव कुठे घालायचं

खासगी डॉक्टर ठरलेले असले तरी उपकेंद्रात नाव घालून माता-बाल संरक्षण कार्ड करून घ्याच, तेही बारा आठवड्यांच्या आत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी गर्दी मरणाची असते, सकाळी लवकर जा, सोबत डबा-पाणी ठेवा. जोखमीची माता असेल तर कार्डावर लाल स्टिकर लावतात. ते बघून घाबरू नका. पुढच्या दवाखान्यात तुमच्याकडे लवकर लक्ष जावं म्हणून ते असतं, आणि वय ३५ च्या पुढे असेल तर ते तुम्हीच मागून घ्या.

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला, कोयता घेऊन फडावर जाणाऱ्या बायांना हे कार्ड फार उपयोगी पडतं. सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात असलात तरी जवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवून तपासणी करून घेता येते. निघण्याआधी आशाताईंना तारखा कार्डावर लिहायला लावा, कारण १२ व्या आणि १९ व्या आठवड्याची सोनोग्राफी बहुतेक वेळा नेमकी हंगामातच येते. मुकादमाला तारखा आधी सांगून ठेवलेल्या बऱ्या, उचल फिटायची राहिली म्हणून बाईची सोनोग्राफी अडत नसते.

पहिली रक्ततपासणी

यातलं बरंच प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात होतं: हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस, लघवी. थायरॉईडची टीएसएच तपासणी वयामुळे मागूनच घ्या. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात पाजून दोन तासांनी रक्त घेतात. उपाशी असण्याची अट नाही. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. आता बरोबर आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ही तपासणी पुन्हा करायची असते.

रक्तगट निगेटिव्ह आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर ते फाईलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवा. अँटी-डी इंजेक्शन फक्त प्रसूतीनंतरच लागतं असं नाही, गर्भजल तपासणीनंतर किंवा गर्भपात झाला तरीही लागतं.

आता नात्यातल्या लग्नाबद्दल. मामाची मुलगी करणं आपल्याकडे रीतच आहे, आणि काही घरांत मामा-भाचीचीही लग्नं झालेली आहेत. त्यात बाईच्या वयाचा संबंध नाही, पण नवरा-बायको दोघांतही एकच दोष लपलेला असण्याची शक्यता वाढते. थॅलेसेमिया, सिकलसेल, काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा असे आजार तसे येतात. गंमत अशी की पुढे सांगितलेल्या महागड्या तपासण्या हे आजार शोधत नाहीत, त्या गुणसूत्रांची संख्या मोजतात. म्हणून नात्यात लग्न असेल, घराण्यात एखादं लेकरू लहानपणीच गेलं असेल, कुणाला वारंवार रक्त चढवावं लागत असेल, तर ते न विचारताच डॉक्टरांना सांगा. हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणारी एचपीएलसी तपासणी एकदाच करायची असते. बाईची सदोष आली तर लगेच नवऱ्याची. नवरे इथे ‘मला काय झालंय’ म्हणून टाळतात. दोघांतही दोष निघाला तर प्रत्येक वेळी चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते, एवढं सांगितलं की बहुतेक उठतात.

अकरा ते तेरा आठवडे: एनटी आणि डबल मार्कर

माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. एनटी स्कॅनमध्ये बाळाच्या मानेमागच्या त्वचेखालचं पाणी मिलिमीटरमध्ये मोजतात, नाकाचं हाड बघतात, हात-पाय, डोकं, पोट तयार झालंय का ते बघतात. त्याच सुमारास आईचं रक्त घेऊन त्यातले दोन घटक मोजतात, तो डबल मार्कर. स्कॅन, रक्त आणि वय एकत्र मांडून जो आकडा निघतो तो डाऊन सिंड्रोमची दहापैकी साडेआठ-नऊ बाळं पकडतो. स्कॅन न करता नुसता डबल मार्कर केला तर ही पकड बरीच ढिली पडते. शक्यतो १२ व्या आठवड्याची तारीख घ्या, आणि जिथे हा स्कॅन नेहमी होतो असं ठिकाण गाठा. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड इथे सोय आहे. धाराशिवकडचे लोक सोलापूर गाठतात, देगलूर-बिलोलीकडचे हैदराबाद.

रक्त देताना लॅबवाला एक फॉर्म भरतो. तिथे जरा उभं राहून बघा. ‘वजन?’ ‘असेल साठ-पासष्ट.’ ‘साठ लिहितो.’ असं होऊ देऊ नका. आईच्या वजनावर त्या घटकांचं प्रमाण ठरतं, तेव्हा तिथल्या तिथे काट्यावर उभं राहा. जन्मतारीख, स्कॅनची तारीख आणि त्यातली बाळाची लांबी, जुळं आहे का, मधुमेह आहे का, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) आहे का, हे सगळं फॉर्मवर बरोबर लागतं. आयव्हीएफमध्ये दात्या बाईचं बीज वापरलं असेल तर वय त्या बाईचं धरतात, तुमचं नाही. गोठवलेला गर्भ असेल तर बीज काढलं त्या वेळचं वय. घरच्यांसमोर हे बोलायचं नसेल तर डॉक्टरांना एकटं गाठून सांगा, पण सांगाच. नाहीतर ४२ वर्षांच्या हिशोबाने विनाकारण भीतीदायक निकाल हातात येतो.

रिपोर्टमध्ये १:१८० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, असाच निकाल आलेल्या १८० बायांपैकी एकीच्या बाळाला आजार असतो, १७९ जणींच्या नसतो. बऱ्याच लॅब १:२५० ही रेघ धरतात. त्याच्या अलीकडे, म्हणजे १:१८० किंवा १:४०, आलं की लाल अक्षरात ‘हाय रिस्क’ छापतात. ते लाल अक्षर व्हॉट्सअॅपवर मामे-मावस सगळ्यांना जातं आणि घरात रडारड सुरू होते. लाल अक्षर म्हणजे निदान नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की पुढची तपासणी करा. आणि हिरवं अक्षर म्हणजे खात्री नव्हे, हेही तितकंच खरं.

याच सुमारास डॉक्टरांना आणखी एक विचारा: ‘मला अॅस्पिरिन लागेल का?’ चाळिशी, पहिलं बाळंतपण, जास्त वजन, आधीचं बीपी, आधीच्या वेळी बीपी वाढलेलं, आयव्हीएफ, जुळं अशी कारणं जमली की रोज रात्री कमी डोसाची अॅस्पिरिन देतात. ती १६ आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच नीट उपयोग होतो.

एनआयपीटी आणि गर्भजल तपासणी

एनआयपीटी म्हणजे आईच्या दंडातून घेतलेल्या रक्तातच बाळाकडून आलेले डीएनएचे तुकडे तपासणं. दहाव्या आठवड्यापासून होते. डाऊन सिंड्रोमची शंभरातली नव्व्याण्णव बाळं ती ओळखते. खर्च डबल मार्करच्या कित्येक पट, नमुना मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये जातो आणि रिपोर्टला आठवडा ते दोन आठवडे लागतात. वजन जास्त असेल तर कधी बाळाचा डीएनए पुरेसा सापडत नाही आणि पुन्हा रक्त द्यावं लागतं. खर्च झेपत असेल तर पस्तिशीनंतर ती सरळ करणं मला पटतं. झेपत नसेल तर कर्ज काढू नका, एनटी आणि डबल मार्कर नीट करून घ्या. मध्यम निकाल आला, साधारण १:२५० ते १:१००० च्या मध्ये, तरच एनआयपीटीचा विचार करा. एनआयपीटी केली म्हणून एनटी किंवा पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी गाळायची नाही. हृदयाला भोक, पाठीचा कणा उघडा राहणं असली व्यंगं तिला दिसत नाहीत. आणि ती ‘पॉझिटिव्ह’ आली तरी तेवढ्यावर गर्भपाताचा निर्णय घ्यायचा नसतो.

खात्रीचं उत्तर दोनच तपासण्या देतात. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन, किंवा १५ आठवडे पूर्ण झाल्यावर, बहुधा १६ ते १८ मध्ये, गर्भजल काढून. गर्भजल तपासणीत सोनोग्राफीवर बघत पोटातून बारीक सुई घालून थोडं पाणी काढतात. काही मिनिटांचं काम. कळ येते, पण बहुतेकींना भूल लागत नाही. त्यामुळे गर्भपात होण्याची शक्यता अनुभवी हातात दोनशेत एकापेक्षाही कमी असते. त्या दिवशी घरी विश्रांती घ्या. पाणी जाणं, ताप, पोटात कळा आल्या तर लगेच परत जा. एनटी साडेतीन मिलिमीटर किंवा जास्त असेल, किंवा स्कॅनमध्येच व्यंग दिसलं असेल, तर मधे एनआयपीटीत वेळ न घालवता सरळ याच तपासणीकडे जाणं शहाणपणाचं.

आता कॅलेंडर समोर घ्या. एनटी १२ व्या आठवड्यात, निकाल १३ व्यात. एनआयपीटी केली तर तिचा निकाल १५ व्यात. गर्भजल १६ व्यात. पहिला झटपट निकाल चार-पाच दिवसांत, गुणसूत्रांचा पूर्ण निकाल दोन-तीन आठवड्यांत, म्हणजे १९ वा आठवडा. हे सगळं वेळेवर झालं तर. एनटी १३ व्याच्या शेवटी गेला, मधे लग्नसराई आली, गाडी मिळाली नाही, की थेट विसाव्यावर जाता. म्हणून पुढच्या डॉक्टरांची चिठ्ठी मिळाल्या दिवशीच तारीख घ्या.

विसावा आठवडा मोलाचा का, तर कायद्यामुळे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने गर्भपात होऊ शकतो. बाळात गंभीर व्यंग असण्याची मोठी शक्यता असेल तर २४ आठवड्यांपर्यंत, दोन डॉक्टरांच्या मताने. त्यापुढे मोठं व्यंग असेल तरच, आणि मेडिकल बोर्डाच्या परवानगीने. सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही कायदा मागत नाही. निकाल काहीही आला तरी गर्भ ठेवायचा असं आधीच ठरलेलं असेल तर सुईची तपासणी नाकारण्याचाही तुम्हाला पूर्ण हक्क आहे. काही जोडपी मात्र तयारीसाठी म्हणून करून घेतात, तेही योग्यच.

सोनोग्राफी सेंटरवरचे कागद

दर वेळी आधार कार्ड आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा, गर्भलिंगनिदान केलेलं नाही याचा एफ फॉर्म भरून सही घेतात. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ च मुली होत्या. तेव्हा कागदांवरून खळखळ करणाऱ्या रिसेप्शनवरच्या बाईवर चिडू नका. वय ३५ च्या वर असणं हे गर्भजल तपासणीसाठी कायद्यानेच मान्य केलेलं कारण आहे. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा भाषेत हवं आणि त्याची प्रत तुम्हाला मिळायला हवी. एनआयपीटीच्या रिपोर्टवर लिंग छापत नाहीत. कुणी पेढा-जिलेबीच्या खुणेने सांगतो म्हणालं तर तो गुन्हा आहे, आणि विचारणाऱ्याचाही.

अठरा ते वीस आठवडे: अॅनोमली स्कॅन

बाळाचं डोकं, चेहरा, हृदय, कणा, किडनी, हात-पाय एकेक करून बघतात. अर्धा तास किंवा जास्तही लागतो. बाळ पालथं असेल तर बाहेर फेऱ्या मारून परत यायला सांगतात. १८ व्या किंवा १९ व्या आठवड्याचीच तारीख घ्या, कारण वर सांगितलेला विसाव्याचा हिशोब इथेही लागू आहे. एनटी जास्त होता, आईला मधुमेह आहे किंवा आयव्हीएफ आहे, तर २२ ते २४ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा वेगळा इको करायला सांगतात.

बारा-तेरा आठवड्यांची खिडकी हुकलेली असेल तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रपल मार्कर नावाची रक्ततपासणी होते. पकड जरा कमी, पण काहीच न करण्यापेक्षा चांगली. उशीर झाला म्हणून लाजून घरी बसू नका.

काही उलटसुलट निघालं तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड किंवा लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांतलं जवळचं गाठा. जाताना पहिल्या सोनोग्राफीपासूनचे सगळे मूळ कागद तारखेप्रमाणे लावून न्या. मोबाईलमधले फोटो डॉक्टरांना वाचता येत नाहीत आणि चार्जिंग नेमकं तेव्हाच संपतं. सोबत अशी एक व्यक्ती न्या जी मधे न बोलता ऐकून लिहून घेईल. नवरा तसा नसेल तर बहीण किंवा नणंद चालेल.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, अंगावरून जाणं, पाणी जाणं, यासाठी कुठलाही आठवडा, कुठलीही ठरलेली तारीख बघायची नाही. दवाखाना गाठायला १०२ किंवा १०८, आणि सोबत ते कार्ड.